पिवळा काठ

आता माझी फजिती मीच सांगते, कारण आमच्या वाडीत मी सोडून सगळ्यांनी ती सांगून झाली आहे. निदान तुम्हाला तरी तिखटमीठ माझ्या हातचं मिळू दे!

कापडे गावच्या गिरणीवर दळण घेऊन गेले होते. आत दोघी बोलत होत्या. "अनसूयावयनीच्या सुनेचं नक्की झालं म्हणे. म्हणून तर वयनीनं गोधडी शिवायला घेतलीय. न्यायला नको का…" आणि मेल्या गिरणीवाल्याने तेवढ्यात पट्टा चालू केला! घर्रर्र! पुढचं सगळं पिठात गेलं.

पण मला पुढचं कशाला हवं होतं? निम्मं ऐकून उरलेलं आपण जुळवायचं, यात माझा हात कोण धरणार?

अनसूयावयनी म्हणजे माझी शेजारीण. सत्तावीस वर्षं आमची भिंत एक, त्यामुळे तिची फोडणी माझ्या नाकात आणि माझं भांडण तिच्या कानात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात कळंबोलीला. सुनेचं 'नक्की झालं' आणि सासू गोधडी शिवते, म्हणजे काय? दुसऱ्यांदा पाळणा हलणार! हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

त्यात वयनी घरोघर जुन्या कापडाचे तुकडे मागत फिरायला लागली. आमच्या वाडीत बाळाच्या पहिल्या गोधडीला घरोघरची वापरलेली कापडं घालतात, बाळ सगळ्यांच्या मायेत वाढावं म्हणून. झालं! माझी खात्रीच पटली.

तिला विचारलं का नाही, म्हणता? अहो, तीन महिने होईस्तोवर अशी गोष्ट तोंडाने काढू नये, दृष्ट लागते. जन्मात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं. म्हणजे चौघींनाच सांगितलं, तेही शपथ घालून.

एकच सल होता. वयनी सगळ्यांकडे गेली, माझ्या दारात आली नाही. माझ्या साड्या काय काट्यांच्या होत्या?

पडवीत तिने चौकोन मांडले तेव्हा मीच आपणहून गेले. बारा चौकोन, बारा तऱ्हांचे. एकात चांदणी, एकात पायऱ्या, एकात शंकरपाळी. सखूआक्काचं नऊवारी लुगडं, मास्तरांचा सदरा, सगळं ओळखू येत होतं. आता चौकोनांच्या मधे पट्ट्या आणि चारी बाजूंनी काठ, एवढंच राहिलं होतं.

"काठाला काळा घेतेय," वयनी म्हणाली.

"काळा?" मी किंचाळलेच. "अगो वयनी, शुभ कामाला काळा?"

"शुभ कसलं त्यात? काळ्यावर मळ दिसत नाय."

लपवते कशी बघा, मी मनात म्हटलं.

"पिवळा लाव, हळदीसारखा. आणि मधल्या पट्ट्या पोपटी."

"पिवळा मळतो गो मंदे. तिकडं धुवायला काय नदी हाय?"

"धुणारे हात हायत की तिकडं!"

वयनी खाली मान घालून चांगले घातलेले टाके उसवायला लागली. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्याच दिवशी एसटीने महाड गाठलं. चार दुकानं पालथी घातली. शेवटचा दुकानदार कंटाळून म्हणाला, "ताई, एवढे पिवळे असतात हे मलाच ठाऊक नव्हतं."

वयनीने पिवळं ठेवून घेतलं आणि पोपटी परत केलं. "पट्ट्यांचं कापड हाय माझ्याकडं."

"कुठलं?"

"हाय."

बस! शिवून झाली तरी गोधडी काही मला दाखवीना.

शनिवारी वीर स्टेशनवरून रिक्षा करून वयनीचा मुलगा आणि सून पल्लवी आली. आणि पल्लवी उतरली ती पोट धरूनच! मग मी कसली थांबते? नारळ, तांदूळ, हिरवा खण, बांगड्या ताटात घेतल्या आणि त्या चौघींना घेऊन दारात हजर.

"काकी, हे काय?"

"ओटी गो बाय! बस पाटावर. आता लपवू नको, पोट धरूनच उतरलीस."

"अहो, त्या रिक्षाने आतडी गोळा केली माझी!" पल्लवी लालबुंद झाली. "मला दिवस गेलेत असं कोण बोललं?"

चौघींनी एकदम माझ्याकडे बोट केलं. शपथेचं काय झालं, देव जाणे.

"मग नक्की काय झालंय तुझं?"

"नोकरी! मुलीला बघायला घरी कोणी नाही, म्हणून आईंना न्यायला आलोय. कायमचं. हे घर आता बंद."

हातातलं ताट मी कुठे ठेवलं, आठवत नाही.

"तुमाला ठाऊक व्हतं?" मी चौघींना विचारलं.

"व्हतं की! आमाला वाटलं, सून पोटुशी म्हणूनच सासूला नेतायत."

"मग मला कोणी बोललं का नाय?"

"काकी, तुमाला ठाऊक नाय असं वाडीत काय असतं?"

मी वयनीकडे वळले. "तू तरी सांगायचंस गो!"

"मला वाटलं तुला कळलंय," वयनी म्हणाली. "धुणारे हात हायत तिकडं, असं तूच बोललीस ना? मी म्हटलं, हिला माझ्या जाण्याची भारीच हौस. पिवळा काठ काय, पोपटी पट्ट्या काय!"

सांगा, यावर कोणतं तोंड दाखवायचं?

मग तिने गोधडी उलगडली. सगळ्या वाडीचे चौकोन, चारी बाजूंनी माझा पिवळा काठ, आणि मधल्या पट्ट्या वांगी रंगाच्या. ती माझीच साडी होती, कधीतरी पायपुसण्याला म्हणून तिला दिलेली.

"तुला चौकोन कशाला?" वयनी म्हणाली. "कुठल्याबी दोन घरांच्या मधे तूच असतेस की!"

सगळ्या हसल्या. पल्लवीने तर आता हसूनच पोट धरलं. हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायला पलीकडे आता कोणी नाही. दाराला कुलूप आहे. भिंतीला कान लावला तर माझ्याच घरातलं घड्याळ ऐकू येतं.

बातमी तशी खोटी नव्हती हो. सुनेचं नक्की झालं होतं, गोधडीही न्यायचीच होती. फक्त घरात माणूस यायचं नव्हतं, जायचं होतं.

परवा वयनीचा फोन आला. "काठ मळला गो मंदे. सांगत व्हते, काळा लावू."

"मी येते धुवायला," मी म्हटलं.

"ये. पण ओटीचं ताट तेवढं घरी ठेवून ये."