महादेव अनवाणी का गेला

विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीकडून काही पडल्याचा आवाज आला, तेव्हा मी मळ्यात झेंडू तोडत होते. धावत गेले, तर माझा धाकटा दीर महादेव चिखलात आडवा. आधी मेन स्विच पाडला, मग त्याला हलवलं... तो गेलेला होता.

त्याला सव्वा महिना झाला. अकोटात त्याचं मोटार वाइंडिंगचं, जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार गुंडाळायचं दुकान होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. वीज काय ते त्यानंच मला सांगितलं. तांब्याच्या गुंडाळीजवळ लोहचुंबक फिरला की तारेत वीज उठते. तिकडे पारसच्या वीज केंद्रात कोळसा जाळून, वाफेच्या जोरावर हेच मोठ्या चाकानं करतात. "विजेले घाई रायते, वयनी. तांबं दिसलं, ओली माती दिसली, का पयते. माणूस बी तिले ओली मातीच. रबर तेवढं आडवं येते." म्हणून जाड रबरी चपलांशिवाय तो कामाला हात लावत नसे. मोटारीला आधी हाताच्या पाठीनं शिवायचा. पंजा लावला तर मूठ मिटते, सुटत नाही, म्हणायचा. तोंडाचा फटकळ, चहा दोनदा मागणारा... पण कामात गफलत नाही.

त्या दिवशी वाफ्यांना पाणी देताना मोटार झिणझिण्या देत होती, म्हणून मीच त्याला बोलावलं. तो बांधावरून वळसा घालून निघाला होता. मी म्हटलं, "वाफ्यातूनच जा ना. पण चपला काढ, फुलं देवाले जातात." आमच्या मळ्यात सासूच्या वेळेपासून तशी रीत.

"देवाले शॉक नाई लागत वयनी, मले लागते," तो हसत म्हणाला. आणि काढून बांधावरच ठेवल्या. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं.

भाजल्याची खूण हाताच्या पाठीवरच होती. त्याची सवय चुकली नव्हती. पाय तेवढे ओले, उघडे होते.

तेरवीला लोक म्हणाले, "एवढा जाणता माणूस, अनवाणी गेला कसा? घेतली असन थोडी." त्याची बायको शांता मान खाली घालून ऐकत होती. मी तेव्हा गप्प बसले. आता सांगते. तो प्यालेला नव्हता. चपला मी काढायला लावल्या.

हे लिहिण्याआधी शांताला सांगितलं. ती उठून आत गेली. अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे.

आता वाफ्यात सगळे चपला घालूनच जातात. फुलं देवळात पोचतात. देवानं अजून एकही परत पाठवलं नाही.