फाट्यापर्यंतची सायकल

माझा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये हौसेनं सायकल चालवतो. हौसेनं हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. दर रविवारी संध्याकाळी मी नांदेडच्या घरात शाळेच्या वह्या तपासायला बसले की मोबाइलवर त्याचा नकाशा येऊन पडतो. एक निळी रेघ, किती किलोमीटर, किती चढ, वाटेतली गावं कोणती, आणि कुठल्यातरी दगडी वेशीखाली सायकल टेकवून काढलेला हसरा फोटो. मी खाली अंगठा टाकते. पोटात दुखत असतं ते वेगळं.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या मास्तरीणबाईनं सख्ख्या भावावर जळावं हे शोभत नाही, मला कळतं. पण कळून जळणं थांबत असतं तर आणखी काय हवं होतं!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं मला तिकडे बोलावलं. "आक्का, एकदा माझ्या रस्त्यावर चल," म्हणाला. मी ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि तवा घेऊन गेले. तवा कशाला आणलास म्हणून तो हसला, आणि तिसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, भाकरी कधी करतेस. त्या शनिवारी मी सकाळी उठून सहा भाकरी थापल्या, पिठलं केलं, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात भरून त्याच्या सायकलमागच्या पिशवीत ठेवलं. म्हणजे डबा तिथंही मीच बांधला.

माझ्यासाठी त्यानं भाड्यानं सायकल आणली होती, बॅटरीची. "चढाला बटण दाब, आपोआप जाते. तुझे गुडघे..." एवढं बोलून तो थांबला, कारण माझा चेहरा त्याला लहानपणापासून वाचता येतो. माझे गुडघे! या घरात सायकलवर चढ कुणी चढले असतील तर ते माझ्या गुडघ्यांनी चढले आहेत.

रस्ता सुंदर होता, हे नाइलाजानं लिहिते. डांबर असं की खडा नाही. दोन्ही बाजूंना उंच झाडं, सावली सलग. मागून गाडी आली तर हॉर्न नाही, काही नाही. आम्ही वळण पार करेपर्यंत बिचारी मुकाट्यानं मागे सरपटत यायची. शेतात सूर्यफूल होतं. फूल यायचं होतं अजून, पण मी पानावरून ओळखलं. आमच्या रानातही माझ्या लहानपणी सूर्यफूल असायचं, नंतर सगळीकडे सोयाबीन झालं. इथं मात्र सूर्यफूल जागच्या जागी. मला त्या सूर्यफुलाचाही राग आला.

आणि गावं! दर पाच-सहा किलोमीटरला टेकडीवर एक दगडी गाव. खिडक्यांना निळ्या झडपा, देवळाशेजारी पाण्याचा नळ, नळाशी बाटल्या भरणारे सत्तरीचे म्हातारे, घट्ट चड्ड्या घालून, हौसेनंच. गावात शिरताना गावाच्या नावाची पाटी, आणि बाहेर पडताना तीच पाटी परत, पण नावावर तिरपी लाल रेघ मारलेली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ब्रेकच दाबला.

"हे गाव गेलं का?" मी विचारलं.

"गेलं कुठं? गावाची हद्द संपली," भाऊ म्हणाला.

आमचं गाव गेलं तेव्हा पाटीवर कुणी रेघ मारली नव्हती. भूकंपात लातूर जिल्ह्यातली किती गावं पडली त्यातलंच एक आमचं. मी तेव्हा आठवीत होते, भाऊ सहावीत. आमच्या घरातली माणसं वाचली, गल्लीतली बरीच वाचली नाहीत. मातीत रचलेल्या दगडाच्या, दोन-दोन हात रुंद भिंती होत्या, वर मातीचं जड माळवद. ज्या भिंतींच्या थंडाव्याचं सगळे कौतुक करायचे, त्याच माणसांवर आल्या. पुढे सरकारनं लांब मुरमाड माळावर नवं गाव वसवलं. सरळ रस्ते, सारखी घरं, इतकी सारखी की पहिलं वर्षभर लोक दुसऱ्याच्या घरात शिरायचे. एस्टीच्या फाट्यावरची पाटी मात्र जुन्याच गावाची राहिली, तिथून चार किलोमीटरवर कुणी राहत नसलेल्या गावाकडे बाण दाखवत.

दहावी मी पत्र्याच्या शेडमधल्या शाळेतून झाले. दोन वर्षांनी भाऊ त्याच शेडमधून झाला. मला त्याच्यापेक्षा चौदा मार्क जास्त होते. लातूरला तेव्हा क्लासेसचं पीक आलं होतं. गावोगावची मुलं अकरावी-बारावीला तिथं खोल्या करून राहायची, आणि डॉक्टर-इंजिनिअर होऊनच परत येतात असं सगळे म्हणायचे. मी दहावी झाले तेव्हा मलाही सायन्सला लातूरला जायचं होतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एवढंच बोलले, "पोरगी एकटी लातूरला ठेवायची? एक घर पडलंय तेवढं बास हाय." मला औशाला आर्ट्सला घातलं. दोन वर्षांनी भावाला लातूरला ठेवताना घर पडायची भीती कुणाला वाटली नाही.

त्याला खाणावळीचं जेवण मानवेना. मग ठरलं, घरचा डबा जाईल. तेव्हा लातूरच्या बसस्टँडवर सकाळी गावोगावच्या एस्ट्यांतून डबे उतरायचे आणि पोरं आपापला ओळखून घेऊन जायची. आमच्या डब्याला आई लाल चिंधी बांधायची. तो डबा फाट्यापर्यंत नेऊन सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा, हे माझं काम. माझं कॉलेज दुपारचं, म्हणून.

दोन वर्षं मी अण्णांच्या दांडीच्या सायकलवर रोज फाटा केला. नवं गाव, माळाचा उतार, मग जुनं गाव, ओढा, फाटा. येताना सगळा चढ. म्हणजे ऐतिहासिक गावातून जाणारा सायकलचा रस्ता माझ्याकडेही होता, फक्त फोटो कुणी काढले नाहीत. जुन्या गावात वेडी बाभूळ माजली होती. आमच्या घराचा उंबरा तेवढा जागेवर होता.

रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं फाट्यावरच्या टपरीत यायचा, तो मी दुसऱ्या दिवशी घेऊन जायची. तो कायम घासूनपुसून लख्ख असायचा. बाकीच्या पोरांचे डबे खरकटे यायचे. आई चार जणींत सांगायची, माझं लेकरू डबा धुऊन पाठवतंय. रोज सायकल मारणारी मी तिथंच उभी असायची. माझं कौतुक नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एके दिवशी मी फाट्यावर पोचले आणि गाडी आली. खिडकीत शेजारच्या गावातली एक मुलगी बसली होती, शाळेत माझ्याच वर्गात असलेली, मार्कांनी माझ्या कितीतरी मागं. मांडीवर पुस्तकांची बॅग. तिला लातूरला हॉस्टेलला ठेवलं होतं. तिनं मला हात केला. मी टपरीच्या मागे झाले. कंडक्टरनं वाकून इकडेतिकडे पाहिलं, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, आणि गाडी गेली.

मी जुन्या गावात आले, आमच्या उंबऱ्यावर बसले आणि डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी, चटणी, आणि वरच्या पुडात गुळाची पोळी, जी घरात आम्हाला कुणालाच मिळाली नव्हती. मी सगळं खाल्लं. भूक नव्हती तरी खाल्लं. रिकामा डबा बाभळीत दडवला आणि घरी सांगितलं, डबा कंडक्टरकडे दिला. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा आला नाही हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः फाट्यावर आले आणि त्या कंडक्टरला नाही नाही ते बोलले. तो माझ्याकडे बघत राहिला. माझं नाव न घेता त्यानं डबा घेतला आणि घंटी दिली.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. पुढे मला नायगावला दिलं, डी.एड. झालं, नोकरी लागली, नांदेडला घर झालं, सायकल कायमची सुटली. भाऊ इंजिनिअर होऊन देश सोडून गेला. मी त्याच्यावर जळायची आणि वर त्याची अपराधीही होते, हे फार अवघड जायचं. नुसतं जळता आलं असतं तर किती सोपं होतं.

दुपारी आम्ही चढावरच्या एका गावात थांबलो. मधोमध मोठा चौक, सरळ गल्ल्या, चारी बाजूंना कमानी. भाऊ सांगत होता की हे गाव सातशे-आठशे वर्षांपूर्वी असंच मोकळ्या जागेवर आखून वसवलेलं आहे.

"म्हणजे हे पण पुनर्वसनच," तो म्हणाला.

"आपलं तीस वर्षांत गळायला लागलंय," मी म्हणाले.

कमानीखाली सावलीत बाकडी होती. मी तिथं गेले नाही. दोन हात रुंद दगडी भिंतीला पाठ लावून बसणं अजून माझ्याच्यानं होत नाही. मी चौकाच्या मध्यावर उन्हात बसले. भाऊही आपली सायकल मध्यावर घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. इतकी वर्षं तिथं राहून तोही भिंतीला टेकत नव्हता. फोटोत टेकवलेली असते ती सायकल.

त्यानं डबा उघडला आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. ती मुलगी, टपरी, उंबरा, गुळाची पोळी, कंडक्टर. तो भाकरी मोडता मोडता ऐकत होता.

"मला तर काहीच आठवंना गं, आक्का," तो म्हणाला. "आला नसंल एखाद्या दिवशी. एस्टीचं काय सांगावं?"

जी गोष्ट मी पंचवीस वर्षं वागवली, ती याला आठवतसुद्धा नाही. विसरणंही याच्याच वाट्याला आलं, माझ्या नाही. यानं मला क्षमा तरी करायची होती. तेवढंही नाही.

त्यानं चटणी घेतली, घास खाल्ला, आणि खाली बघत म्हणाला, "मला ते चौदा मार्क आठवतात."

"कसले?"

"तुझे, दहावीचे. माझ्यापेक्षा चौदा जास्त. खोलीवर रोज डबा उघडला की पहिलं तेच ध्यानात यायचं. हिच्या जागेवर बसून मी खायलोय. म्हणून तर धुऊन धाडायचो. दुसरं काय करता येत होतं मला?"

हे चौदा मार्क घरात कुणालाच आठवत नाहीत असं मी धरून चालले होते. मला डोळे पुसावे लागले. असं काही ऐकायला मिळालं की आपलं जळणं थांबेल, असं मला वाटायचं. थांबलं नाही. हे त्यानं तेव्हाच अण्णांसमोर का नाही सांगितलं, म्हणून उलट नव्यानं राग आला. मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "भेत होतो. तू लातूरला गेली असतीस तर मला कुणी पाठवलं असतं?"

डब्यात एकच भाकरी उरली होती. मी ती मोडली. भाकरीचे दोन तुकडे सारखे कधी होत नाहीत. मोठा मी ठेवून घेतला आणि लहान त्याच्या हातावर ठेवला. त्यानं दोन्ही तुकड्यांकडे बघितलं आणि आपला खाल्ला.