पंगतवाले भाऊजी

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा डबा हातात आला की भाऊजी तो आधी तळहातावर जोखायचे, बाजारात नारळ जोखतात तसा. हलका लागला की दुकानदाराला परत. "वहिनी, हा भरल्या पंगतीत दमेल," एवढंच मला म्हणायचे आणि दुसरा उचलायचे.

कॉम्प्युटर जुळवून देणारी माणसं नव्वदीच्या शेवटी डोंबिवलीत गल्लोगल्ली होती, तुम्हीही पाहिली असतील. पण स्क्रू पिळताना जेवणाच्या गोष्टी करणारा हा एकच. शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. पोरं त्यांना पंगतवाले काका म्हणायची, मी भाऊजी.

आमच्या ह्यांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली, तेव्हा आमची खोली तळमजल्यावर होती हीच काय ती जमेची बाजू. बाहेरच्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडायचे आणि पोरांना तासावर गेम खेळू द्यायचे, असं मी ठरवून टाकलं. हे म्हणाले, चालेल का? म्हटलं, न चालून जातंय कुठे. घरची चूल त्याच्यावरच पेटणार होती.

स्टेशनजवळ एकाने तसलंच दुकान टाकलेलं. त्याच्या एका मशीनला भारीतलं ग्राफिक्स कार्ड होतं आणि पोरं त्या कार्डाचं नाव देवाचं घ्यावं तसं घ्यायची. मलाही तेच हवं होतं, निदान एका मशीनला तरी. भाऊजी ऐकेनात.

"पंगतीत सगळ्यांत सावकाश जेवणारा उठेपर्यंत कोणी उठतं का?" त्यांनी विचारलं. "ह्या डब्यातही तेच आहे. तुमचं कार्ड हात धुवायला तयार बसेल आणि प्रोसेसर अजून वरणभातच कालवत असेल."

त्यांचं म्हणणं, कार्ड मधलं घ्या, त्याच्या तोडीचा प्रोसेसर घ्या, रॅम जरा सढळ ठेवा, पॉवर सप्लाय दणकट, आणि चारही मशीन अगदी सारखी. मी फुरंगटले. पण मशीन बिघडलं तर चप्पल सरकवून लगेच येणारा माणूस दुसरा नव्हता, म्हणून गप्प बसले. एका बाबतीत मात्र मी त्यांना हरवलं. स्पीकर म्हणजे नुसती नाटकं, असं त्यांचं मत. मी म्हटलं, आवाजाशिवाय गेम अळणी लागेल. त्यांनी डोकं खाजवलं. "पानात मीठ आधी वाढतात नाही का, विसरलोच," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चार जोड्या घेऊन आले.

दुकान सुरू झालं, पण गिऱ्हाईक टिकेना. पोरं दारातून डोकवायची, कार्ड कुठलं विचारायची, आणि उत्तर ऐकून नाक मुरडून स्टेशनकडे जायची. खोलीत चारही पडदे उगाच चमकत राहायचे. हे तोच तोच पेपर उलटायचे. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी एका दुपारी भाऊजींना चार शब्द सुनवायला मी तरातरा त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. नवराबायको जेवायला बसलेली. भाऊजींच्या बायकोला, मीही त्यांना वहिनीच म्हणायचे, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला; डाव्या हाताने एकेक घास तोंडाशी न्यायच्या, त्यातला अर्धा सांडायचा. भाऊजींचं ताट केव्हाच चाटूनपुसून झालेलं. उष्टा हात पार वाळलेला, तरी ते समोर बसून काहीतरी गप्पा सांगत होते.

"बसा वहिनी, हिचं होऊ दे," म्हणाले.

"तुम्ही तरी सांगा ह्यांना, उठा म्हणून," वहिनी वाकड्या ओठांनी हसल्या. "रोजचं आहे ह्यांचं."

मी बसले. वहिनींचं जेवण होईपर्यंत थांबले आणि न भांडताच निघाले. पण घरी परत येताना धास्ती होती तेवढीच होती.

मग मे महिन्याची सुट्टी लागली आणि पोरांना चौघांनी मिळून खेळायच्या गेमचं वेड लागलं. चार मशीन वायरने जोडायची आणि एकमेकांच्या मागे धावायचं. स्टेशनजवळच्या दुकानात ते भारी मशीन पळायचं आणि बाकीची रखडायची. भारी मशीनवर बसलेला पोरगा बाकीच्यांना वळायच्या आत गारद करायचा, त्यावरून मारामाऱ्या. शिवाय दुपारच्या उकाड्यात ते मशीन मध्येच बंद पडायचं. आमच्याकडे चारही एका चालीने चालायची. हरला तो आपल्या कर्माने हरला, मशीनला बोल नाही. "काकू, तुमच्याकडे अडकत नाही," एक पोरगा म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी अख्खी टोळी घेऊन आला. दाराबाहेर चपलांचा ढीग. तो बघून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, लपवू कशाला.

पुढच्या वर्षी वहिनी गेल्या. भाऊजी वाळून गेले. पुतण्याकडे टिटवाळ्याला राहायला जायचं ठरलं, तेव्हा जाण्याआधी आमची चारही मशीन नवी करून द्यायला आले. थोडंथोडं करा म्हटलं तर नाही म्हणाले, एकाला वाढलं की चौघांना वाढायचं. दुपारी मी त्यांना जेवायला ठेवून घेतलं.

ह्यांचं झालं, मुलांचं झालं, सगळी हात धुवून पांगली. मी वाढून मागाहून बसलेली, नेहमीसारखी. भाऊजींचं ताट रिकामं होतं, पण ते हललेच नाहीत.

"उठा हो भाऊजी, हात वाळला तुमचा."

"तुमचं होऊ दे. पंगत आहे."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झालेली, पण माझ्या ताटासाठी आजवर कोणी थांबलं नव्हतं. हात पुसत दारात उभ्या असलेल्या ह्यांनी ते ऐकलं. मग येऊन आपल्या उष्ट्या ताटाशी पुन्हा बसले.

भाऊजी टिटवाळ्याला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. घरोघरी कॉम्प्युटर आले तसं आमचं दुकानही मिटलं. पण अजून आमच्याकडे मुलं जेवून उठायला लागली की हे म्हणतात, "बसा रे. आईचं व्हायचंय."