विजेपासून लपवलेले पाय

आश्विन लागला, भातं पिवळी पडली, की आमच्याकडे दुपारनंतर आभाळाचा भरवसा राहत नाही. सकाळ निळीशार असते. जेवणं होतात आणि घाटाकडून काळं काहीतरी उठून हळूहळू समुद्राकडे चालू लागतं. बायका वाळत घातलेलं उचलतात, कापणीची माणसं घराकडे वळतात. किशोरी त्या वेळी शिलाई मशीनवर बसलेली असली तर तिचे पाय जागच्या जागी थांबतात, आणि तिचा हात आपोआप खाली जाऊन गाऊनची कड पावलांवर ओढतो. तिला ते कळतही नाही.

आचऱ्याच्या खाडीपलीकडची आमची वाडी. तिथेच किशोरी जन्मली. तिच्या आईला, यशोदेला, अवचित कळा सुरू झाल्या. गाडी येईपर्यंत वेळ उरला नाही, म्हणून शेजारच्या आनंदीबाईला बोलावलं. तिने आयुष्यात पुष्कळ बाळंतपणं केली होती, पण या वेळी तिचे हात थबकले. पोरीचं डोकं नाही, पाय आधी दिसले.

"यशोदे, पायाळू गो!" ती म्हणाली. पोरगी रडायच्या आधी तिचं हे नाव वाडीभर झालं.

पायांकडून जन्मलेल्या पोराबद्दल आमच्याकडे दोन गोष्टी सांगतात. एक, त्याचा पाय पाठीला लावला की भरलेली उसण उतरते. दुसरी, वीज त्याला शोधत येते.

पहिल्या गोष्टीने किशोरीचं बालपण गोड केलं. ती चालायला लागल्यापासून अमावास्येला लोक तिला घरी नेत. म्हातारेकोतारे पडवीत पालथे पडत, ती भिंतीला धरून त्यांच्या कंबरेवर पाय देई, आणि हातात गुळाचं खाजं घेऊन घरी येई. मासे विकणारी शेवंतीकाकी तर तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. पाटी वाहून वाहून काकीची कंबर मोडलेली. "जरा जोरान दी गो. माझी कंबर आसा, पापड न्हय," असं ती ओरडायची आणि किशोरी खिदळायची.

दुसऱ्या गोष्टीने तेच बालपण खाल्लं. ढग वाजला की खेळ मोडायचा. पोरं तिच्यापासून पळायची. शाळेत ती खिडकीशी बसली असली तर बाक आपोआप रिकामा व्हायचा. वर्गातला यतीन म्हणायचा, "हिच्या पायात लाईटीचो वायर आसा, शिवा नको रे!" मग सगळे हसायचे, पण हसताना मागे सरकायचे.

यशोदेने आपल्या परीने बंदोबस्त केला होता. पायाच्या अंगठ्यात तांब्याचं वळं घातलं. गडगडायला लागलं की ती पोरीला माजघरात बसवी, पाय पोटाशी दुमडायला लावी आणि वरून गोणपाट टाकी. "तळवे दिसले की ईज वळखता," ती पुटपुटायची. गोणपाटाखाली काळोख, भाताच्या तुसाचा वास, आणि बाहेर कोणीतरी घरोघर फिरून विचारत असल्यासारखा तो गडगडाट. किशोरीला वाटायचं, आता आपल्या दाराशी आलं. इतर मुलांना वीज म्हणजे उजेड आणि आवाज. तिला वीज म्हणजे कोणीतरी, आणि त्या कोणीतरीला तिचं नाव माहीत होतं.

ती सातवीत असताना असाच आश्विन होता. आभाळ भरून आलं म्हणून शाळा लवकर सुटली. खाडी ओलांडायला तेव्हा दत्तारामची होडी. पोरं तरीवर, होडी लागते त्या काठावर, धावत आली आणि होडीत शिरली. शेवंतीकाकी बाजारातून रिकामी पाटी घेऊन आधीच बसली होती. किशोरीने एक पाय काठावर ठेवला, तोच वर गडगडलं.

"दत्ताराम, तेका घेव नको हां," काकी म्हणाली. "पायाळू आसा ता. भर खाडीत ईज पडली तर सगळ्यांका घेवन जायत."

पोरांनी एकमेकांना धरलं. यतीनही या वेळी हसला नाही. दत्तारामने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"बायो, तू हंयच रव. ह्यांका पलीकडे टाकतंय आणि तुका न्हेवक येतंय."

ती "हो" म्हणाली. वाद घालायचं तिच्या मनातही आलं नाही, कारण तिलाही ते खरंच वाटत होतं. आपण चढलो तर सगळी मरतील. होडी लांब गेली, पावसाची भिंत मध्ये आली, आणि होडी दिसेनाशी झाली.

तरीवर आडोसा नव्हता. माडाखाली उभं राहू नये एवढं तिला ठाऊक होतं. घर नाही, गोणपाट नाही. पुन्हा लखलखलं आणि त्या उजेडात तिला आपलेच पाय दिसले, ओले, गोरटे, उघडे. आपल्याला दिसले म्हणजे विजेलाही दिसले असणार.

किशोरी कांदळाच्या झुडपांच्या कडेला, खाडीच्या चिखलात उतरली. एक पाय रोवला, दुसरा रोवला. घोटे गेले, पोटऱ्या गेल्या. थंड काळा चिखल गुडघ्यापर्यंत आला तेव्हा तिला जरा बरं वाटलं. आता तळवे कोणाला दिसणार नव्हते.

भरतीची वेळ होती हे तिच्या ध्यानात नव्हतं. पाणी आवाज न करता आलं. आधी मांड्यांना लागलं, मग कंबरेला. तिने पाय उपसून पाहिला, तर दुसरा आणखी खोल गेला. कांदळाची फांदी हाताच्या टोकापासून वीतभर लांब. ओरडावं, तर आपला आवाज वीज ऐकेल. म्हणून तिने ओठ दाताखाली धरले आणि पाणी छातीपर्यंत येताना पाहत राहिली.

पलीकडे पोरं घरी पळाली. दत्ताराम भिजत छपराखाली उभा राहिला, पाऊस सरायची वाट पाहत. त्याला कोणी दोष दिला नसता. शेवंतीकाकी पाटी उचलायला वाकली. पुढचं ती मरेपर्यंत सांगायची. वाकली, आणि कंबर दुखली नाही. गेल्याच अमावास्येला पोरीने पाय दिला होता.

"दत्ताराम, होडी फिरव."

"काकी, ह्या पावसात?"

"माझी कंबर सरळ झाली ती कोणाच्या पायान? तुझ्या? फिरव म्हणतंय मा!"

ते दोघे अलीकडे आले तेव्हा पाण्यावर फक्त डोकं आणि दप्तराचे पट्टे दिसत होते. काकी साडीसकट पाण्यात उतरली, बुडी मारून हाताने चिखल उपसू लागली. आणि इतका वेळ गप्प असलेली पोर तेव्हा किंचाळली. "पाय भायर काढू नको गो काकी! ईज बघता!"

"बघूंदे!" काकी पाण्याबाहेर तोंड काढून ओरडली. "माका पण बघूंदे!"

दत्तारामने काखेत धरून ओढलं, काकीने खालून पाय सोडवले. तांब्याचं वळं चिखलातच राहिलं. होडीत काकीने ती दोन्ही पावलं मांडीवर घेतली आणि ओल्या पदरात गुंडाळली. वीज पडली ती ते काठाला लागता लागता, वाडीतल्या एका माडावर. शेंडा पेटला. दुसऱ्या दिवशी तो माड बघायला जमलेल्या पोरांना काकीने विचारलं, "काय रे, तो माड पायाळू होतो?"

पण वाडी ती वाडीच. वीज पोरीला चुकली म्हणून माडावर गेली, असं म्हणणारे आजही आहेत.

किशोरीने त्यानंतर कोणाच्या पाठीला पाय लावला नाही. "गोळी घेवा," म्हणायची. एका शेवंतीकाकीला मात्र ती शेवटपर्यंत नाही म्हणाली नाही. पुढे वाडीतल्याच अजयशी लग्न झालं. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. रिया झाली ती कुडाळच्या दवाखान्यात. घरी आणल्यावर आनंदीबाई काठी टेकत आली आणि पहिला प्रश्न तोच. "आधी पाय की डोक्या गो?"

"पोट फाडून काढला तेका," किशोरी म्हणाली. "तेका ना आधी पाय, ना आधी डोक्या."

म्हातारी हसली आणि विषय मिटला. यशोदा नातीसाठी तांब्याचं वळं घेऊन आली होती. किशोरीने ते हातातही घेतलं नाही.

परवा असंच भरून आलं. रिया पाच वर्षांची, लखलखलं की टाळ्या वाजवणारी. ती पळत पडवीत गेली आणि पायरीवर पाय सोडून बसली. आतून किशोरीने पाहिलं. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठून बाहेर आली, लेकीच्या शेजारी बसली, गाऊनची कड वर घेतली आणि आपलेही पाय पावसात लांब केले.

मोठा गडगडाट झाला. रिया खिदळली. मग खाली बघून म्हणाली, "आये, तुझे पाय कित्याक थरथरतत?"

"थंडी वाजता," किशोरी म्हणाली. आणि पाय मागे घेतले नाहीत.