माझ्या फाइलमधला शेरा

आइंडहोव्हनशेजारी बेस्ट या डच गावात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जेवण झालं की तासाभरात कळ यायची ती पार पाठीत जायची. इथे कशासाठीही आधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जावं लागतं, आणि डॉक्टरांच्या आधी फोनवर त्यांची असिस्टंट असते. आठ महिने मी तिच्या पलीकडे पोचले नाही.

"पॅरासिटामॉल घ्या, वाट बघा," ती म्हणायची. तिसऱ्या वेळी म्हणाली, "तुमच्याकडचे लोक दुखण्याला फार घाबरतात."

पुण्यात माझ्या बाळंतपणात मी इतकी गप्प होते की शेवटी नर्सच म्हणाली होती, ओरड की गं बाई. ते हिला कसं सांगणार? मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

दुसरा दवाखाना शोधायला लागले. रोज सकाळी आठला फोन. सगळीकडे एकच उत्तर, नवीन पेशंट घेत नाही. एक खाजगी क्लिनिक दुसऱ्याच दिवशी बघायला तयार होतं, पण इथे सगळ्यांना सक्तीचा असलेला मूळ विमा तिथे चालत नव्हता. शेवटी शेजारच्या गावातल्या एका दवाखान्यातली बाई म्हणाली, "डॉक्टरांची यादी भरलीय. पण आमच्याकडे फिजिशियन असिस्टंट आहे. ती तपासते, औषधं लिहून देते, हॉस्पिटलला पाठवते. चालेल?"

"मूळ विम्यावर?"

"हो, अर्थातच."

ती फिजिशियन असिस्टंट पन्नाशीची, आखूड पांढऱ्या केसांची बाई होती. तिने बरगडीखाली बोटं रोवली आणि म्हणाली, "खोल श्वास घ्या." माझा श्वास अर्ध्यातच अडकला. तिने हात काढला.

"किती दिवस दुखतंय?"

"आठ महिने."

तिने माझ्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला. त्याच दुपारी सोनोग्राफी झाली. पित्ताशय खड्यांनी भरलेलं होतं आणि सुजलेलं. दोन दिवसांत ते काढून टाकलं.

अंगात ताकद आली तसा राग चढत गेला. मी जुन्या दवाखान्यातून माझी फाइल मागवली आणि शब्दकोशात शब्द शोधत शोधत वाचली. माझ्या तिसऱ्या फोनपुढे शेरा होता: पेशंट अतिशयोक्ती करते, बहुधा सांस्कृतिक.

नवरा म्हणाला, "अगं, बरी झालीस ना? सोड आता."

"नाही सोडणार."

तक्रार डचमध्येच लिहायची असं मी ठरवलं. आठवड्यातून दोनदा वर्गाला जायचे. प्रत्येक परिच्छेद तिथल्या शिक्षिकेकडून तपासून घेतला. सौम्य शब्द तिने सुचवले, ते मी घेतले नाहीत.

तक्रार पाठवल्यावर जुन्या दवाखान्याने भेटायला बोलावलं. डॉक्टर होते आणि त्यांच्या शेजारी ती फोनवरची असिस्टंट. आवाजावरून वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान, तिशीचीही नसेल. डॉक्टरांनी इंग्रजीत सुरुवात केली. "नको, डचमध्ये बोलू," मी डचमध्ये म्हणाले, आणि कागद उघडला. कुठल्या महिन्यात फोन केला, मी काय सांगितलं, मला काय उत्तर मिळालं, एकेक वाचत गेले. तिची मान लाल होत गेली. ते दिसल्यावर मी मुद्दाम सावकाश वाचायला लागले.

"मला वाईट वाटतं," ती म्हणाली.

"लेखी द्या," मी म्हणाले. "आणि त्या शेऱ्याच्या खाली माझं म्हणणं जोडा. माझ्या शब्दांत."

डॉक्टरांनी मान डोलावली. जाताना हात पुढे केला, तो मी घेतला. तिचा नाही घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याला त्याच्या ऑफिसमधला एकजण, जो अजून त्या दवाखान्याचाच पेशंट आहे, सांगत होता की त्या असिस्टंट मुलीने नोकरी सोडली. आमच्या भेटीनंतर ती फोन घ्यायलाच घाबरायची म्हणे. नवऱ्याने हे घरी येऊन सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"बरं झालं," मी म्हणाले.

"असं म्हणू नये गं."

आपल्याला नंतर कधीतरी वाईट वाटेल, असं मलाही वाटलं होतं. दोन वर्षं झाली. अजून वाटलेलं नाही.