गॅरेजचं दार मिटेना

आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. आता काय सांगू तुम्हाला, असा गाढवपणा मी जन्मात केला नव्हता. आणि मुहूर्त कोणता? बायकोच्या सिटिझनशिपचा!

आमच्या नॉटिंगहॅमच्या घराच्या गॅरेजला नवंकोरं इलेक्ट्रिक दार बसवलं होतं. रिमोट दाबला की वर, परत दाबला की खाली. त्यात आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. पुण्याला बाबा स्कूटर आणि मिक्सर पुजायचे. मी इथे लॅपटॉप, हूवर म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, बॉयलर, गाडी आणि यंदा हे दार. सकाळीच आंघोळ करून सगळ्यांना हळद-कुंकू, फूल, नमस्कार. कुणालाही वगळलं नाही हो!

त्याच दिवशी सकाळी अकराला कौन्सिलच्या ऑफिसात मंजिरीची शपथेची सेरेमनी होती. इतकी वर्षं व्हिसाचे फॉर्म भरले, त्याचा शेवट.

"शपथ घेताना मला रडू येणार," तिनं बजावलं होतं. "तेव्हा तू समोर दिसायला हवास."

दहाला गाडी बाहेर काढली आणि रिमोट दाबला. दार वीतभर खाली आलं, थबकलं आणि सरळ वर गेलं!

"अगं, हे काय?"

"परत दाब ना!"

परत दाबला. परत वर!

रिमोटचा सेल बदलला. मग मॅन्युअल काढून रिमोट नव्याने जोडला. कीपॅडचा कोड बदलला. दार आपलं वर!

तेवढ्यात माझं लक्ष शेजारच्या ब्रायनकडे गेलं. सत्तरीचा गृहस्थ, कुंपणाची हेज कापत होता. मी रिमोट दाबला की तो वाकायचा. मी दाबला, तो वाकला. आलं लक्षात? वाकला की ह्याच्या खिशातला गॅरेजचा रिमोट दाबला जातोय आणि तो माझ्या दाराला लागतोय!

"ब्रायन, प्लीज, जरा तुझ्या रिमोटला हात लावू नकोस!" मी ओरडलो. जरा मोठ्यानेच ओरडलो.

त्यानं कात्री खाली ठेवून दोन्ही हात वर केले. "राइट," एवढंच म्हणाला.

साडेदहा वाजले.

"अरे, राहू दे उघडं, चल!" मंजिरी रडकुंडीला आली.

"कसं चल? गॅरेजमधून सरळ किचनमध्ये जाता येतं! त्या दाराला कुलूप तरी आहे का?"

तिचे डोळे भरून आले. आणि कुंपणापलीकडून ब्रायन म्हणाला, "आय'ल टेक हर."

ती गेली त्याच्या गाडीतून. मी उभा, रिमोट हातात.

फोन केल्यावर तासाभरात इंजिनियर आला. दारापाशी गुडघ्यावर बसला आणि एकदम मागे सरकला. चेहरा पांढराफटक.

"मेट… इज दॅट ब्लड?"

मी वाकून बघितलं आणि मला सकाळची पूजा आठवली.

चौकटीला घोट्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना, एकेक छोटा डोळा असतो. ते एकमेकांकडे बघत असतात. मधे काही आलं की दार परत वर जातं, कुणी चिरडलं जाऊ नये म्हणून. सकाळी मी विचार केला, डोळे आहेत, म्हणजे हाच त्याचा चेहरा. आणि दोन्ही डोळ्यांवर अंगठाभर ओलं कुंकू थापलं!

त्यानं टिश्यूनं डोळे पुसले. दार गुपचूप खाली आलं.

"इट्स ऑन पेज वन," मॅन्युअल दाखवत तो म्हणाला. पहिल्याच ओळीत लिहिलेलं, डोळे पुसून बघा. पण मी पडलो आयटीतला! पहिलं पान आम्ही वाचतो का कधी?

तेवढ्यात मोबाइलवर फोटो आला. हातात सर्टिफिकेट धरून मंजिरी रडतेय आणि समोर, माझ्या खुर्चीत, ब्रायन टाळ्या वाजवतोय. फार वाईट वाटलं हो. खरंच वाईट वाटलं.

दोघं परत आल्यावर मी हात जोडले. "सॉरी ब्रायन, तुझ्या रिमोटचा काही दोष नव्हता."

तो आपल्या गॅरेजपाशी गेला, वाकला आणि दोन्ही हातांनी दार वर ढकललं. जुनं गंजकं दार करकरत उघडलं.

"रिमोट? नेव्हर हॅड वन, डक."

नॉटिंगहॅमची माणसं प्रेमानं सगळ्यांनाच बदक म्हणतात. त्या क्षणी मला त्यानं गाढव म्हटलं असतं, तरी मी 'थँक यू' म्हणालो असतो.