मावशींचा शुक्रवारचा डबा

आमच्या शहापूरच्या चर्चच्या मंडळीतलं एक ख्रिस्ती जोडपं जवळच्या गावातल्या मुसलमान मोहल्ल्यात सेवेला राहिलं होतं. दर शुक्रवारी मंडळीतल्याच एक मावशी त्यांच्यासाठी डबा घेऊन जायच्या. मोहल्ल्यातल्या शेजारणीही त्यातलं खायच्या, म्हणून कोंबडी हलालच हवी, हा मावशींचा हट्ट. प्रार्थना त्या फोडणी देता देता उरकायच्या. "देव थांबल, एसटी नाय थांबायची!"

कोंबडी मी आणायचो. एकदा हलालच्या दुकानात गर्दी होती, म्हणून दुसरीकडून आणली आणि गप्प राहिलो. दोन दिवसांनी राहवेना, तेव्हा मावशींना सांगितलं.

"त्या बायांनी आपल्या भरवशावर खाल्लं रे," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

"जाऊ द्या ना मावशी. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना!"

मोहल्ल्यात घरोघरी जाऊन त्यांनी "चूक माझी" असं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. शेजारणींनी डब्याला हात लावणं सोडलं. तरी पुढच्या शुक्रवारी मावशींनी कोंबडी आणायला मलाच पाठवलं.

"तूच जा. आता तू नाय चुकायचा."

दुकानात मी गेलो. त्या बायांपुढे जाऊन खरं सांगायला मात्र आजवर गेलेलो नाही.